बल्लवाच्या गावी पनीर

तळ्याकाठी सुटी घालवायला जाणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. पहिला तळं पाहायला जातो आणि दुसरा तळ्याच्या निमित्ताने खायला-प्यायला जातो. पहिला वर्ग मुख्यतः प्रवासवर्णनांत आढळतो. दुसऱ्या वर्गाच्या जिवावर मात्र जगातले कितीतरी प्रांत सुखाने नांदताहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सच्या काठांवर, इटलीतल्या गार्डा सरोवराभोवती, आणि लांब कशाला, आपल्या नाशकात गंगापूर धरणाच्या फुगवट्याशेजारी वायनरीवाले ठाण मांडून बसलेत. तिथे गेलेला माणूस पेल्यात जेमतेम बोटभर वाइन घेतो, पेला गरागरा फिरवतो, त्यात नाक घालतो आणि शेजारचा जे म्हणाला तेच वेगळ्या शब्दांत म्हणतो. मग गाडी पुढच्या वायनरीकडे. संध्याकाळपर्यंत तळं एकदाही नीट पाहिलेलं नसतं, पण तळ्याच्या सान्निध्यात दिवस घालवल्याचं समाधान पुरेपूर असतं. चिखलदऱ्यालाही तळी आहेत. शक्कर तलाव आहे, त्यात बोटी आहेत. बीर आहे, कालापाणी आहे. सुमारे ११०० मीटरची उंची आहे आणि पावसाळ्यात शेजारी उभी असलेली सासू दिसू नये इतकं दाट धुकं आहे. वायनरी तेवढी नाही. आणि हॉटेलात बसल्यावर समोर येणारं मेनूकार्ड असं, की तेच बडनेऱ्याच्या एखाद्या ढाब्यावर ठेवलं तर कुणाला फरक कळू नये. असं का, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘इथं काही पिकत नाही आणि हॉटेलवाल्यांना काही येत नाही’. माझ्या मते या उत्तराचे दोन्ही अर्धे खोटे आहेत. गावाची चव तिथली माती ठरवत नाही, आचारीही ठरवत नाही. ती ठरवतो पाहुणा, आणि तीही परत निघायच्या वेळेवर डोळा ठेवून.

आधी परंपरेचा मुद्दा निकालात काढू, कारण ‘आमच्याकडे ती संस्कृतीच नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात. चिखलदऱ्याची जी कथा प्रत्येक गाइड पदरची भर घालून सांगतो ती कीचकवधाची. इथलं सर्वांत उंच ठिकाण वैराट, ती विराटाची नगरी. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. विद्वान मंडळी विराटनगर उचलून राजस्थानात जयपूरजवळ नेऊन ठेवतात. ठेवोत बापडे, आपल्याला कथेशी मतलब. तर या कथेत भीम काय काम करत होता? बल्लव नाव घेऊन मुदपाकखाना सांभाळत होता. आणि सुदेष्णा राणीने सैरंध्रीला कीचकाच्या वाड्यावर पाठवलं ते कशासाठी? सुरा आणण्यासाठी. राजवाडा सोडून मद्य आणायला भावाच्या वाड्यावर माणूस धाडायचं, म्हणजे डाव काहीही असो, कीचकाकडची प्रत वरची होती हे सर्वांना पटण्यासारखं असलं पाहिजे. एकाच कथेत नाव घ्यावी अशी सुरा आहे, नाव बदललेला का होईना पण अव्वल आचारी आहे, आणि बाईमाणसाशी गैर वागणाऱ्या गिऱ्हाइकाचा आचाऱ्यानेच कायमचा बंदोबस्त केल्याची नोंद आहे. फ्रान्समधल्या कुठल्या द्राक्षमळ्याला इतकी भक्कम दंतकथा मिळाली असती, तर त्यांनी बाटलीवर गदा छापून ती दुप्पट किमतीला विकली असती. आपण काय केलं? भीमकुंडाच्या अलीकडे मॅगीची टपरी टाकली.

इतिहासही काही कमी पडत नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि इंग्लंडात गमबुटांना अजून त्याच्याच नावाने ओळखतात. चिखलदऱ्याचा जुलै पाहिलेल्या माणसाला यात काही योगायोग वाटणार नाही. १८२३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा गोऱ्या डोळ्यांना दाखवली, आणि पुढे वऱ्हाडातल्या उन्हाने भाजलेले साहेब लोक दर उन्हाळ्यात वर येऊन बसू लागले. साहेब जिथे उन्हाळा काढतो तिथे दोन गोष्टी लावून जातो, एक चर्च आणि दुसरी पिण्याची काहीतरी सोय. इथे त्याने कॉफी लावली. महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं आधी आपल्याकडे आणि मग नकाशाकडे संशयाने बघतात, पण चिखलदऱ्यात ती झाडं आहेत आणि त्यांना फळं लागतात. त्याच चिखलदऱ्यात पर्यटकाने कॉफी मागितली तर बहुतेक ठिकाणी हाती येते ती पुडी फोडून, गरम दुधात ढवळून, वर चॉकलेटची भुकटी भुरभुरलेली. झाडावरचं फळ आणि कपातली पुडी यांच्यामध्ये अंतर असतं काही फर्लांगांचं. ते कुणीही चालून जात नाही, कारण वाटेत एखादा पॉइंट लागत नाही.

आता ‘काही पिकत नाही’ याची झाडाझडती. गवळ्यांच्या म्हशी आहेत, आणि मेळघाटातलं दूध, खवा आणि रबडी यांची कीर्ती खाली परतवाड्यापर्यंत आहे. मोथा आणि आसपासच्या गावांत हिवाळ्यात स्ट्रॉबेरी निघते. महाबळेश्वरची मक्तेदारी मोडणारी ही घटना आहे, पण आपल्याकडे तिचं स्वागत ‘महाबळेश्वरसारखीच लागते न!’ या वाक्याने होतं आणि ते वाक्य कौतुक म्हणून म्हटलेलं असतं. आमझरी हे मधाचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलंय. कोरकू घरांत कुटकी रांधतात, मक्याची भाकर होते, पावसाळ्यात जंगलातल्या भाज्या येतात. त्यांची नावं शहरातल्या भाजीवाल्याने ऐकलेलीही नसतात. आणि चैत्राच्या तोंडावर पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात, ती वेचायला अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली जातं. ही सगळी यादी एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला मेनूकार्ड ठेवा. पनीर बटर मसाला, पनीर कढाई, पनीर टिक्का, शेवभाजी, आलू-मटर, दालफ्राय, दालतडका, जीरा राइस, व्हेज हाक्का नूडल्स. दालफ्राय आणि दालतडका यांतला फरक सांगणारा वेटर अजून जन्माला यायचाय, पण दोन्हींचे दर वेगळे असतात. या कार्डातला एकही पदार्थ चिखलदऱ्याच्या डोंगरातून आलेला नाही. पनीर घाट चढून येतं, नूडल्स घाट चढून येतात, आणि गिऱ्हाईकही घाट चढून येतं. तिघांची भेट मेळघाटात होते एवढाच मेळघाटाचा यात वाटा.

इथे पहिला आक्षेप येतो, की हा सगळा हॉटेलवाल्याचा आळस आहे. मला हॉटेलवाल्याची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती घ्यायला फार धाडस लागत नाही, हिशेब लागतो. चिखलदऱ्याला येणारा पाहुणा बहुतांशी वऱ्हाडातला. अमरावतीहून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, अकोल्याहून अंजनगाव-परतवाड्यावरून. म्हणजे सकाळी निघून रात्री घरी. त्यातही तो येतो श्रावणातल्या शनिवार-रविवारी, सगळा एकदम. घाटात गाड्यांची रांग लागते आणि वर पोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात. पुढ्यात पॉइंटांची यादी असते. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, गाविलगड, शक्कर तलाव, वेळ उरला तर वैराट. धुक्यात प्रत्येक पॉइंटवरून दिसणारं दृश्य एकच असतं, पांढरं. तरी एकही गाळायचा नसतो, कारण सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलाने ‘पंचबोलले गेलते का?’ विचारलं आणि आपण ‘नाही’ म्हटलं, तर अख्खी सहल बाद. या वेळापत्रकात जेवणाला मिळतो अर्धा तास. गाडीत आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या. आजोबांना दात नाहीत, नातवाला तिखट नको, मधल्या पिढीला भांडण नको. सगळे मिळून आत शिरताच एकच प्रश्न विचारतात, “भाऊ, लवकर काय भेटन?” त्यावर कुटकी म्हणणारा हॉटेलवाला धंदा करतोय की समाजकार्य, असा संशय घ्यावा लागेल. लवकर पनीरच मिळतं. ते फ्रीजरमध्ये तयार असतं, तीन रंगांच्या तीन ग्रेव्ह्या भगोण्यांत तयार असतात, आणि ते तिन्ही पिढ्यांना सारखंच नावडतं, म्हणून तक्रार होत नाही. शिवाय सोमवार ते शुक्रवार हॉटेल रिकामं. जो पदार्थ पाच दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहत टिकतो तोच कार्डावर टिकतो. मेनूकार्ड आपणच लिहिलेलं असतं, हॉटेलवाल्याने फक्त लॅमिनेट केलेलं असतं.

‘नाशिकचं तसं नाही, तिथं मुळातच द्राक्षं होती,’ हा पुढचा आक्षेप. होती ना, पण ती खायची द्राक्षं होती. नाशिककर ती पेटीने विकत होता, घरी मिसळ खात होता आणि वाइन हा शब्द दुकानाच्या पाटीवर वाचत होता. त्या वाइन शॉपातही वाइन सोडून बाकी सगळं मिळायचं. मग एकीकडे सुलासारख्या कंपनीने वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली पहिली बाटली बाजारात आणली. दुसरीकडे सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून अबकारीची सवलत दिली, आणि विंचूरला वाइन पार्क निघालं. तरी गर्दी झाली ती या धोरणाने नव्हे. २००५ मध्ये सुलाने चाखायची खोली उघडली, तिथे खरी गंमत सुरू झाली. त्या खोलीत विकतात काय हे नीट पाहिलं पाहिजे. अर्ध्या पेल्याला कुणी दीडशे किलोमीटर गाडी हाकत नाही. तिथे विकला जातो वेळ. पाच-सहा पेले ओळीने मांडतात, एक तरुण मुलगा पुढे उभा राहतो, आणि तुम्ही पुढचा घोट केव्हा घ्यायचा हे तो सांगतो. पैसे देऊन गप्प उभं राहायचं आणि दुसऱ्याने सांगेपर्यंत गिळायचं नाही, ही शिस्त महाराष्ट्रात मुंजीनंतर कुणी पाळल्याचं ऐकिवात नव्हतं. ती नाशकात पाळली गेली. (तिथल्याच हिरवळीवर थोड्या वेळाने तीच मंडळी पनीर टिक्का मागवतात हे खरं आहे. पनीर ही राष्ट्रीय समस्या आहे, ती एका जिल्ह्याने सुटायची नाही.)

आता मोहाकडे वळायला हवं, कारण वाचक केव्हापासून तिकडेच बघतोय. चिखलदऱ्यात आंबवण्यासारखं जे खरोखर पिकतं ते मोहाचं फूल. त्याची दारू मेळघाटात किती पिढ्या गाळली जाते हे कुणी मोजलेलं नाही. ती देवाला लागते, लग्नाला लागते, मर्तिकाला लागते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आपण राजकारणातल्या भाषणालाही वापरतो, पण तो जिथून आला त्या धारेवर पोलिसांची धाड पडते. द्राक्ष आंबवलं तर शेतमालावर प्रक्रिया, मोह आंबवला तर गुन्ह्याचा पंचनामा. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मान्यता दिली, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा खुलासा जबाबदार नेत्यांकडून ऐकायला मिळाला. निर्णयावर गदारोळ झाला, तो अमलातही आला नाही, पण तो खुलासा ऐकून मेळघाटातल्या धारणीच्या बाजारात कुणाला हसू आवरलं असेल असं वाटत नाही. पलीकडच्या मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून कायद्यात जागा दिली आहे. म्हणजे तेच झाड, तेच फूल, आणि मधल्या सीमारेषेवर एका बाजूला वारसा, दुसऱ्या बाजूला मुद्देमाल.

पण इथे थट्टा आवरती घ्यावी लागते. दारूने घरं बसतात, आणि ती बसताना पेला उभट होता की चपटा हे बाईला विचारलं तर ती काय उत्तर देईल हे सर्वांना माहीत आहे. गडचिरोलीत दारूबंदी झाली ती बायाबापड्यांच्या आग्रहाने, कुणा शहरी सज्जनाच्या हौसेने नव्हे. त्यामुळे मोथ्याला मोहाची वायनरी काढा, असा सल्ला मी देणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की नाशकाने मद्याला जो मान दिला तो मद्याचा गुण नव्हता, मांडणीचा होता. मग तोच मान मद्य नसलेल्या वस्तूंना द्यायला हरकत कुणाची? मोहाचं फूल वाळवून खाता येतं, त्याचे लाडू होतात. मध वेगवेगळ्या हंगामांत वेगवेगळ्या फुलोऱ्यांचा असतो आणि त्याचा रंग, वास, दाटपणा बदलतो. ते दोन चमचे शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही फरक कळेल. कॉफीचं तसंच. या वस्तू चाखून कुणी गाडी दरीत घालणार नाही. चिखलदऱ्याच्या घाटात हा मुद्दा किरकोळ नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो विनोदी लेखात येऊ नये असं वाटण्याइतका गंभीर आहे. मेळघाट म्हटलं की उर्वरित महाराष्ट्राला आठवतं ते कुपोषण. ज्या मुलखातल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात, तिथे शहरी मंडळींनी चमच्या-चमच्याने मध चाखत हिंडावं, हे दिसायला बरं नाही. मान्य. पण सध्याची व्यवस्था दिसायला कितीशी बरी आहे? आज पर्यटक मेळघाटात येऊन पैसे सोडतो ते पनीरवर, नूडल्सवर, बाटलीबंद पाण्यावर. ते आले त्याच रस्त्याने घाट उतरतात. कोरकू शेतकऱ्याच्या हाती त्यातलं उरतं ते भाजलेल्या कणसाचं, आणि त्यातही घासाघीस करणारे आपणच. “दहाले दोन दे न बे!” ही आरोळी ठोकणारा माणूस खालून येताना पेट्रोलची टाकी विनातक्रार भरून आलेला असतो. कुटकीच्या पेजेला कुणी टेबलावर ताट मांडून पैसे दिले, तर ते पैसे निदान डोंगरावर मुक्काम करतील. कुपोषण त्याने हटेल असा दावा नाही. त्याला दवाखाना लागतो, रस्ता लागतो, रोजगार लागतो. मात्र कुपोषणाचं कारण सांगून पनीरच मागवायचं, हा युक्तिवाद मला तरी पचत नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, जो आपण स्वतःबद्दलच घेतो. वऱ्हाडी माणसाला हे चाखणंबिखणं जमायचं नाही, त्याला ताटभर लागतं. हे साफ चूक आहे. हुरड्याच्या दिवसांत हाच माणूस शेताच्या धुऱ्यावर चार-चार तास बसतो, गोवऱ्यांच्या आरातून निघणारं एकेक कणीस तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि ही ज्वारी कोणत्या वावरातली यावर वाद घालतो. रोडगे करायचे म्हटले तर अर्धा दिवस गोवऱ्यांच्या धुरात काढतो आणि वांग्याच्या भाजीला चव आली ती विहिरीच्या पाण्याने की चुलीने, यावर जेवण संपल्यावरही निकाल लागत नाही. याहून बारीक चव फ्रान्सवाल्याला कळते असं मला वाटत नाही. बरं, वाइन चाखायची जी शास्त्रोक्त पद्धत सांगतात, म्हणजे घोट तोंडात धरायचा, गालांतून फिरवायचा, घाईने गिळायचा नाही, डोळे अर्धे मिटून विचार करायचा आणि शेवटी थुंकायचं, ती विदर्भात खर्रा खाणाऱ्यांनी कुणी न शिकवता पूर्णत्वाला नेली आहे. त्यावर बंदी आहे, आणि ती असायलाच हवी, पण कौशल्य म्हणाल तर नाशकाच्या मुलाने येऊन धडे घ्यावेत. तेव्हा कमी आहे ती जिभेची नाही, संयमाचीही नाही. धुऱ्यावर चार तास बसणारा हाच माणूस चिखलदऱ्यात अर्ध्या तासात उठतो, कारण धुऱ्याला पॉइंट नसतात.

आणि म्हणून उपायही पॉइंटातच शोधावा लागेल. पर्यटकाला जेवणासाठी थांबवणं अशक्य आहे, पण पॉइंटवर तो थांबतो हे सिद्ध झालेलं आहे. सिडकोने काचेचा स्कायवॉक काढला तेव्हापासून तर ‘झाला का, झाला का’ म्हणत न झालेल्या पॉइंटलाही लोक जाऊन येतात. तेव्हा शासनाने फार खर्च करू नये. गवळ्याच्या गोठ्याशेजारी, जिथे कढईत दूध आटतंय तिथे, एक लोखंडी रेलिंग उभारावं आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘रबडी पॉइंट, उंची अमुक मीटर’ एवढं रंगवावं. कॉफीच्या झाडांपाशी दुसरी पाटी, आमझरीत मधाची तिसरी. पार्किंगचे वीस रुपये घ्यावेत, म्हणजे जागेची खात्री पटते. दोन माकडं आपोआप येतील. मग बघा, अकोल्याची गाडी थांबेल, तीन पिढ्या उतरतील, रेलिंगला टेकून फोटो निघतील, आजोबा कढईकडे पाठ करून धुक्यात टक लावून बघतील आणि गवळ्याला विचारतील, “काहो, इथून काय दिसते?”